विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या सभासदांना स्मरण: दुसरा पुरवठादार आणि कागदपत्रे

मार्च 2022 मध्ये बोइंगने रशियन टायटॅनियमची खरेदी थांबवली, हे आठवत असेलच. कच्च्या मालासाठी एकाच स्रोतावर विसंबून राहू नका. दुसरा पुरवठादार आत्ताच शोधा, कारण ग्राहकाच्या मंजुरीला वेळ लागतो.

मात्र स्रोत, प्रक्रिया किंवा उत्पादनाचे ठिकाण बदलले, की एएस 9102 या विमान उद्योगाच्या मानकानुसार फर्स्ट आर्टिकल तपासणी (उत्पादनातल्या पहिल्या नगाची आराखड्याशी ताडून केलेली संपूर्ण तपासणी) निदान बदललेल्या बाबींपुरती पुन्हा करावी लागते. उत्पादन दोन वर्षे बंद राहिले, तरी ही तपासणी पुन्हा करावी लागते. नेमके हेच विसरले जाते आणि माल पाठवायच्या आदल्या दिवशी फोन सुरू होतात!

2023 मध्ये सीएफएम 56 या प्रवासी विमानांच्या इंजिनांच्या सुट्या भागांसोबत बनावट कागदपत्रे सापडली होती. धातूची प्रमाणपत्रे मूळ उत्पादकाकडूनच पडताळून घ्या. हीट ट्रीटमेंट (धातूवरची उष्णता-प्रक्रिया) बाहेर देत असाल, तर ते काम करणाऱ्या कंपनीच्या नॅडकॅप मान्यतेची (विमान उद्योगातील विशेष प्रक्रियांसाठीची मान्यता) मुदतही पाहा.