कोप्यांवरची मुले कोणाच्या पटावर?

गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा, पलूस भागात बीडकडून आणि आपल्याच जत तालुक्यातून ऊसतोड टोळ्या येतात. आई-बाप पहाटेच फडात जातात. सात-आठ वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीवर, तान्ह्या भावाला सांभाळत बसते. तिची शाळा मागे गावीच राहिलेली. अंगणवाडी योजना १९७५ पासून आहे. पोषण आहार, लसीकरण, वजनाची नोंद, सगळे आहे. पण नाव तिकडच्या पटावर आणि मूल इथे उघड्यावर! फार जीव तुटतो हे बघून. टोळी उतरताच मुलांची नोंद व्हावी, हंगामापुरते कोप्यांजवळ पाळणाघर चालावे. कारखाने, ग्रामपंचायती आणि महिला व बालविकास विभागाने त्यासाठी दिवाळीआधीच एकत्र बसावे.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. वाळवा, जि. सांगली