दिव्यांगांच्या वाहनाची ओळख नंबरप्लेटवरच हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही राज्यात उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाल्याने सांगली-मिरजेत जुन्या पाट्या बदलल्या जात आहेत. या निमित्ताने दिव्यांगांच्या वाहनांना नंबरप्लेटवरच सरकारी खूण मिळावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

२०२० पासून वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीचा 'दिव्यांगजन' असा स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे सरकारदप्तरी नोंद होते, पण रस्त्यावरच्या वाहतूक पोलिसाला किंवा वाहनतळाच्या रखवालदाराला ती दिसत नाही. त्यांना दिसते ते व्हीलचेअरचे निळे स्टिकर, आणि ते रेडियमच्या दुकानात कोणालाही करून मिळते. विजेवरच्या गाडीची पाटी हिरवी असते. पुढच्या काचेवरचे स्टिकर पेट्रोलसाठी फिकट निळे, डिझेलसाठी नारिंगी असते. गाडीचे इंधन पाहताक्षणी कळावे एवढी काळजी घेणाऱ्या यंत्रणेला ही एक खूण वाढवणे जड जाऊ नये.

माझे पती पोलिओमुळे एका पायाने अधू असून मागे दोन जादा चाके बसवलेली स्कूटर चालवतात. ही स्कूटर साध्या दुचाकीपेक्षा रुंद असते आणि चढता-उतरताना कुबडी टेकवायला शेजारी मोकळी जागा लागते. मारुती रोड किंवा गणपती पेठेत दोन्ही बाजूंना दुचाक्या खेटून लागल्या, की त्यांना स्वतःच्याच गाडीवर बसता येत नाही. कोणी येऊन शेजारची गाडी सरकवेपर्यंत उन्हात ताटकळावे लागते. ती गाडी लावणाऱ्यांत वाईट हेतूचे लोक फार नसावेत, पण शेजारच्या स्कूटरला जागा का सोडायची हे त्यांना सांगणारे तिथे काहीच नसते. चारचाकीसाठी केंद्राच्या सुगम्यता निकषांत प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत ३.६ मीटर रुंदीची जागा सांगितली आहे, ती दार पूर्ण उघडून व्हीलचेअरवर सरकता यावे म्हणूनच.

मात्र केवळ पाटी पुरणार नाही. मिरजेला उपचारांसाठी कर्नाटकातूनही रुग्ण येतात आणि त्यांतले कित्येक नातेवाइकांच्या किंवा भाड्याच्या गाडीने येतात. अमेरिकेतील राज्यांत व्हीलचेअरचे चिन्ह असलेल्या नंबरप्लेटबरोबरच आरशाला अडकवायचे कार्डही मिळते, आणि ब्रिटनमधला 'ब्लू बॅज' तर व्यक्तीच्या नावे असल्याने ती ज्या गाडीत असेल तिथे चालतो. आपल्याकडे युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, आधारे असे कार्ड देता येईल. खुणेची गाडी घरातल्या धडधाकट माणसाने एकट्याने नेऊन राखीव जागेत लावली, तर त्याला दंड झालाच पाहिजे. ही खूण ऐच्छिकच असावी, कारण एकट्याने प्रवास करणाऱ्या एखाद्या स्त्रीला आपले अपंगत्व गाडीवर जाहीर करणे धोक्याचे वाटू शकते. तिला काढून ठेवता येणारे कार्ड अधिक सोयीचे पडेल.

नंबरप्लेटचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ठरतो, म्हणून राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडे तसा प्रस्ताव पाठवावा. जागा आखण्यासाठी मात्र महापालिका आणि वाहतूक शाखेला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मारुती रोड, बसस्थानक, विजयनगरचे जिल्हाधिकारी कार्यालय आणि मिरजेतील रुग्णालयांचा परिसर येथे राखीव जागा ठळक आखाव्यात, आणि त्यांत जादा चाकांच्या स्कूटरसाठी रुंद पट्टा जरूर ठेवावा.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली