रविवार उपासात धरत नाहीत

इंदूर
४ एप्रिल २०२६, शनिवार रात्र

प्रिय सोनू,

प्रभूमध्ये सलाम.

गुरुवारी फोनवर मी तुझ्यावर ओरडलो, त्याबद्दल आधी लिहायचं असं ठरवून बसलो होतो. पण समोर पातेल्यात अंडी निवतायत आणि तुझी आई आतून सारखी विचारतेय की रंग कसा आलाय, तेव्हा आधी अंड्यांचंच सांगतो. रंग छान आलाय. विटकरी, मधूनच तांबूस. तीन डझन उकडली, सात तडकली. तडकलेली उद्या रश्श्यात जातील.

यंदा सगळं माझ्याकडे आहे. आईच्या पायाचं प्लास्टर अजून दोन आठवडे निघायचं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसते, तिथून सांगते आणि मी करतो. बुधवारी सकाळीच चोइथराम मंडीत गेलो. कांदेवाल्याकडे साली मागितल्या तर म्हणाला, "भिया, छिलके का क्या करोगे?" मी सांगितलं, ईस्टर आहे, अंडी रंगवायची आहेत. त्याने दोन पिशव्या गच्च भरून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. मग सियागंजातून खसखस आणि सुकं खोबरं घेतलं, राणीपुऱ्यातून पांढऱ्या-पिवळ्या क्रेप कागदाच्या पट्ट्या घेतल्या. मोगरा आज संध्याकाळी आणला, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय.

तू तिथे कधी करशील म्हणून नीट लिहून ठेवतो. डझनभर अंड्यांना दहा-बारा कांद्यांच्या सुक्या साली लागतात. त्या अर्धा तास मंद आचेवर उकळायच्या, पाणी काळ्या चहासारखं झालं की गाळायचं, निवू द्यायचं, दोन चमचे व्हिनेगर घालायचं आणि मग अंडी आत सोडायची. पाणी गार असतानाच सोडायची. मी घाई केली म्हणून सात तडकली. देशी अंडी तपकिरी असतात, त्यांच्यावर रंग कळत नाही, फार्मची पांढरीच घ्यायची. आणि आठवडाभर ठेवलेली असली तर सोलायला बरी. कोथिंबिरीचं पान ओल्या बोटाने चिकटवायचं, वर आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा घट्ट बांधायचा. उकडून सोडलं की पानाचा पांढरा ठसा तसाच राहतो. हे काम तुझं होतं. माझ्या बोटांनी पान दर वेळी सरकतं. बारापैकी चार ठसे नीट उमटले.

निळ्यासाठी यंदा अंगणातली गोकर्णाची फुलं वापरली. हळदीचं पिवळंही जमलं. बीटही चिरलं होतं, पण चिरताना हाताला लाल रंग लागला आणि मला एकदम तो आकडा आठवला. सात पूर्णांक चार. सुरी खाली ठेवून मी जरा वेळ ओट्याजवळ तसाच उभा होतो. आईला काही बोललो नाही.

तू आम्हाला नऊ सांगितलं होतंस. तुझ्या खोलीतल्या मुलीने फोन उचलला नसता तर आम्हाला कळलंही नसतं की तू वॉर्डात चक्कर येऊन पडलीस. बायकांचं हिमोग्लोबिन बाराच्या वर हवं, हे मला तूच सांगितलंयस, आईच्या वेळी. बीट खाऊन रक्त वाढत नाही, रंगावर जाऊ नका पप्पा, हेही तूच. मग स्वतःच्या वेळी काय झालं? गोळ्या जेवणावर चहा पिऊन घेऊ नकोस. दुधाबरोबरही घेऊ नकोस. लिंबू पीळ. आवळा खा. रात्रपाळीत तुझ्या हातात सारखा चहाचा कप असतो, मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय. बारा-बारा तास आयसीयूत उभं राहायचं आणि पोटात काय, तर दोन खारी!

बघ, पुन्हा सुरू झालो. एका नर्सला मी लोहाच्या गोळ्या शिकवतोय. माफ कर.

पण एक गोष्ट तुला माहीत असायला हवी होती आणि ती सांगायचं काम माझं होतं. लेंटचे उपास सुरू होतात तो राखेचा बुधवार यंदा १८ फेब्रुवारीला होता. तिथून आजच्या शनिवारपर्यंत मोज, ४६ दिवस होतात. आपण चाळीस म्हणतो ते मधले सहा रविवार सोडून. रविवार उपासात धरत नाहीत, सोनू. लेंटमधलाही प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचाच असतो, त्या दिवशी जेवायचं असतं. तुझ्या खोलीतली मुलगी म्हणाली, तुम्ही रविवारीसुद्धा हिला एकवेळच जेवू देता का काका? मला उत्तर देता आलं नाही.

आणि मग मी तुला विचारलं की कोणी सांगितलं होतं एवढे कडक उपास करायला, तर तू म्हणालीस, "तुम्हीच, पप्पा."

त्याच्यावर मी ओरडलो. खरं होतं म्हणून ओरडलो.

तू नऊ वर्षांची असताना लेंटच्या शुक्रवारी डबा तसाच परत आणलास. दुपारपर्यंत काही खाल्लं नव्हतंस, ओठ सुकले होते. आई माझ्यावर चिडली आणि मी रविवारी मंडळीत चार जणांना कौतुकाने सांगत सुटलो की आमची सोनू उपास करते. तू शेजारी उभी राहून ऐकत होतीस. तुझा चेहरा फुलला होता. तो चेहरा मला फार आवडला होता, तेच आता टोचतंय.

आजीचं तुला अर्धंच सांगितलंय. गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आजोबा रोज डबा घेऊन बाहेर पडत, गेटवर बसून परत येत. पुढचा ईस्टर १९९२ चा, १९ एप्रिलला आला होता. त्या लेंटमध्ये आजीने कडक उपास धरला. आम्ही सगळी जेवायला बसलो की ती वाढायची आणि म्हणायची, माझा उपास आहे रे. मला तिचा केवढा अभिमान वाटायचा! तिचं बघून मीही शुक्रवार धरू लागलो. ईस्टरला रंग आणायला पैसे नव्हते, म्हणून तिने भाजीवाल्याच्या टोपल्याखालून साली गोळा करून आणल्या. चार अंडी होती आणि माणसं सहा. तिने ती लाल रंगवली, दोऱ्याने दोन-दोन भाग केले आणि मोठ्या ताटात मधोमध मांडली, भोवती कडुलिंबाचा पाला. आपल्याकडची कांद्याच्या सालींची अंडी तेव्हापासूनची.

तिचा उपास नव्हता. पुरत नव्हतं. आत्याने मला हे सांगितलं ते आजीला मूठमाती देऊन आल्यावर, ओट्यावर बसून. तोवर तू नर्सिंगला लागली होतीस. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला ते तोंडातून काढवेना.

उपास वाईट असं मी म्हणत नाही. मला त्याने फार दिलंय. आज संध्याकाळी पाळकसाहेबांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, आजाऱ्याला उपास नाहीच मुळी, त्याने खावं आणि प्रार्थना करावी. त्यांना मी तुझं नाव सांगितलं नाही.

साडेअकरा वाजले. मटणाला दही-हळद लावून ठेवायचंय. पहाटे चारला उठायचं आहे.

५ एप्रिल, रविवार संध्याकाळ

प्रभू उठला आहे.

तुझ्याशिवाय याचं उत्तर आज फार हळू आलं. तू असतीस की "खरोखर उठला आहे" एवढ्या मोठ्याने म्हणतेस की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ऐकतात. आज त्यांनीही विचारलं, सोनू आली नाही का? गुरुवारी हनुमान जयंतीचा प्रसाद घेऊन आल्या होत्या, तेव्हाही विचारलं होतं. मी त्यांना सांगत होतो की यंदा तुमची चैत्री पौर्णिमा झाली आणि आमचा पुढचाच रविवार ईस्टरचा, दोन्ही अगदी लागून आले. त्या म्हणाल्या, मग पोर का नाही लागून आली?

अंधारातच निघालो. आईला दादाच्या गाडीत बसवलं, मी स्कूटरवर. व्हाइट चर्चच्या चौकात तेव्हा कोणी नसतं, फक्त दूधवाले. शुक्रवारचं काळं कापड काढून वेदीवर पांढरं घातलेलं पाहिलं आणि मला बरं वाटलं. सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन उभी होती आणि उजाडत गेलं. आईने खुर्चीवर बसून गाणी म्हटली, एकही सोडलं नाही.

मग घर. आजीची नगरची पांढरी चादर टेबलावर, तिच्यावरचा डाग लपवायला मध्ये मोगऱ्याचं ताट. दारावर झावळ्यांच्या रविवारचा शिंदीच्या पात्यांचा क्रूस. पेरूची एक वाळकी फांदी कुंडीत रोवली आणि तिला जुनी फुंकलेली अंडी टांगली, दोन्ही टोकांना दाभणाने भोक पाडून आपण रिकामी करायचो ती. दर वर्षीची एक-दोन फुटतात, तरी अकरा उरलीत. तू सात वर्षांची असताना वाकडा क्रूस काढलेलं अजून आहे. गोट्याने तेच मागितलं, मी दिलं नाही. त्याच्यासाठी अंगणात बारा लपवली होती, त्याला दहा सापडली. एक नंतर स्कूटरच्या डिकीत मिळालं, तुझ्याच जुन्या जागी. बारावं कुठे ठेवलं ते मलाच आठवत नाही.

मटण चांगलं झालं. आत्याने नगरहून येसूर पाठवला होता, तो आईने सांगितला तेवढाच घातला, रस्सा दाट झाला आणि तर्री वर आली. पुलाव थोडा मऊ. कोशिंबीर वहिनीने केली. रव्याचा केक कुकरमध्ये केला, शिट्टी काढून, खाली मीठ पसरून. बाजू जरा करपली पण मधलं छान फुललं होतं. काकूंकडे केक आणि शेवयांची खीर दिली, अंडं घातलेलं त्या खात नाहीत हे मी केक दिल्यावर आठवलं, धावत जाऊन परत आणला.

कलेजी वेगळी परतली होती, मिरी आणि लिंबू घालून. तू तोंड वाकडं करतेस, माहीत आहे. तरी मी एक वाटी तुझ्या नावाने काढली. सगळे उठल्यावर ती वाटी तशीच राहिली आणि आईने विचारलं, हे कोणासाठी? आम्ही दोघंही मग काही बोललो नाही.

तुझा मला किती अभिमान आहे ते मी गुरुवारी बोललो नाही, उलटंच बोललो. मागच्या वर्षी साताऱ्याच्या त्या पेशंटच्या मुलाने आपल्या घरी फोन केला होता, आठवतं? बहिणीपेक्षा जास्त केलं म्हणाला. मी ते अजून लोकांना सांगतो. आता सांगताना मनात येतं, तिचं कोण करत असेल.

दादाचा मित्र उद्या रात्रीच्या बसने पुण्याला निघतोय, त्याच्याकडे हे पत्र आणि डबा देतो. अळिवाचे लाडू आहेत, बावीस. ओल्या नारळाचे प्रवासात टिकत नाहीत, म्हणून सुकं खोबरं आणि गूळ घालून तुपात बांधलेत. आईने बसून वळले. रोज एक, आणि रात्रपाळीला जाताना एक जादा. उकडलेली अंडी पाठवत नाही, या उन्हात बसमध्ये खराब होतील. मिठाच्या डबीत कापसात गुंडाळलेलं आहे ते तुझं वाकड्या क्रूसचं. जपून उघड.

बाकीचं आई फोनवर बोलेल. काही गोष्टी तू तिच्याशी बोल, मला नाही सांगितलंस तरी चालेल.

मे महिन्यात ये. तिकीट मी काढतो, तारीख तू सांग. नाही जमलं तर आईचं प्लास्टर निघाल्यावर आम्हीच येतो, खोलीत जागा नसेल तर जवळपास कुठे राहू. स्वयंपाक मी करेन, आता येतो मला.

पुढची तपासणी किती तारखेला आहे ते कळव. आणि रिपोर्ट आला की आकडा फोनवर सांगू नकोस, कागदाचा फोटो पाठव.

तुझे
पप्पा