मथळ्यातच 'उंदीर' लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डायबेटीस मुळापासून घालवणाऱ्या केमिकलच्या बातम्या अधूनमधून येतात, डीएनपी म्हणजे डायनायट्रोफिनॉल, पण हे सगळं उंदरांवर झालंय हे कळायला शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागतं. माझं मेडिकल आहे, त्यामुळे या बातम्यांचा परिणाम काउंटरवर बघतो. नेहमी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी न्यायला येणारे एक काका मोबाईल पुढे करून म्हणाले, "ही पिवळी पावडर मागवून देता का, ऑनलाइन मिळते म्हणे." पायाला मुंग्या येतात, लघवीतून प्रोटीन जायला लागलंय, अशा माणसाला आशा वाटणारच हो, त्यांचं काय चुकलं.

पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, प्रोटॉनच्या दाबावर एटीपी हे पेशीचं इंधन बनतं, डीएनपी तो दाबच गळवून टाकतं, मग साखर-चरबी जळते खरी पण एटीपीऐवजी नुसती उष्णता, डोस जरा वाढला की अंग तापत जातं आणि त्यावर उतारा नाही. 1933 च्या सुमारास स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हे वजन कमी करायला दिलं, अमेरिकेत लाखभर लोकांनी घेतलं, माणसं दगावली, कित्येकांना मोतीबिंदू झाला, 1938 ला कायदा आला तेव्हा कुठे ते थांबलं.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जेराल्ड शुलमन यांच्या टीमने 2015 मध्ये डीएनपीचा शरीरात हळूहळू सुटणारा प्रकार उंदरांना दिला, लिव्हरची चरबी आणि शुगर दोन्ही उतरलं. मोठं काम आहे, मनापासून आदर आहे. पण ते आणि ऑनलाइनची पावडर एक नाही, हे कोण सांगणार?

आणि किडनीचं तर कुणीच छापत नाही! स्वीडनमध्ये उपसाला विद्यापीठात शुगर नॉर्मल असलेल्या उंदरांना महिनाभर डीएनपी दिलं तर किडनीला ऑक्सिजन जास्त लागायला लागला, मग तो तिथे कमी पडला आणि लघवीतून प्रोटीन जायला लागलं. 2013 चा पेपर आहे. म्हणजे काकांना आधीच जो त्रास आहे तोच.

त्यापेक्षा डापाग्लिफ्लोझिनवर लिहा ना, किडनीसाठी माणसांवर ट्रायल झालेलं औषध आहे, आपल्याकडे जेनेरिक मिळतं, काकांनाही मी त्याबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगितलंय. आणि पुढच्या वेळी उंदरांची बातमी असली तर मथळ्यातच तसं छापा, एवढी विनंती.

– एक केमिस्ट, सांगली