मुखवटा उलटा करून बघा

क्योतो

ती. काकांना सा. न. वि. वि.

आजोबांच्या ट्रंकेतल्या मुखवट्याचे फोटो मिळाले. दोन शिंगं, सोनेरी डोळे आणि दात, कानापर्यंत फाटलेलं तोंड. ही हान्या. नोह या जपानच्या जुन्या मुखवटा-नाटकात मत्सराने जळून राक्षसी झालेली बाई. ओठ झाकून नुसतं कपाळ बघा, तिथे राग नाही, दुःखच दिसेल. नट मान खाली घालतो तेव्हा ती रडतेय असं वाटतं, वर करतो तेव्हा अंगावर येते.

किंमत विचारलीत, पण फोटो सगळे समोरूनच! समोरची बाजू कुणीही जुनी करून देतो. उलट, नामांकित जुन्या मुखवट्याची नक्कल करताना त्याचे टवके आणि ओरखडेसुद्धा उतरवायची इथली रीतच आहे आणि त्यात लबाडी मानत नाहीत. तेव्हा रंग उडालाय म्हणजे जुना, हे तुम्हाला भाव सांगणाऱ्या दुकानदाराचं म्हणणं सोडून द्या.

रंगमंचावरचा मुखवटा हिनोकीच्या, म्हणजे जपानी सायप्रसच्या, हलक्या लाकडाचा. आतून पातळ कोरलेला, कारण नटाला तासभर तो घालून वावरायचं असतं. पुढून शिंपल्याची पूड सरसात कालवून थर दिलेले. कानांपाशी दोरीची भोकं. नट मुखवट्याला हात लावतो तो या भोकांपाशीच, गालाला कधीच नाही. म्हणून खरी झीज भोकांच्या कडेला आणि आत कपाळाशी सापडते. मळ सगळीकडे सारखा असेल तर तो बहुधा चोपडलेला. भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू बहुतेकदा जाड असते, आणि पर्यटकांना हान्याच आवडते म्हणून तिचेच ढीग दिसतात.

आत डागून उमटवलेला शिक्का आहे का? 'तेन्का-इची', म्हणजे जगात पहिला, ही पदवी हिदेयोशी या सोळाव्या शतकातल्या सत्ताधीशाच्या काळात कारागिरांना मिळे. पण शिक्केही मागाहून डागता येतात, एकट्या शिक्क्यावर भुलू नका.

आजोबा बोटीवर होते, कोबे बंदरात उतरले असतील, त्यामुळे खरा मुखवटा हाती लागणं अगदीच अशक्य नाही. १८६८ मध्ये शोगुनांची, म्हणजे इथल्या लष्करी राज्यकर्त्यांची, सत्ता गेली, नटांचे आश्रयदाते गेले आणि कित्येक घराण्यांनी पोटासाठी मुखवटे विकले. तरीही शिंगांवरची एकसारखी चकाकी पाहून मला तो शोभेचाच वाटतोय.

ट्रंकेत लाकडी पेटी होती का? झाकणावर शाईची अक्षरं असतील तर ती जपून ठेवा, किमतीत पेटीचाही वाटा असतो. मात्र पेट्यांची अदलाबदलही होते. आणि दुकानदार सांगतो तो भाव धरू नका, तसलेच मुखवटे लिलावात कितीला गेले ते बघायचं.

उजेडात पाठीचे, भोकांचे, कडांचे फोटो काढा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, उंची-रुंदी मोजा. तुलनेला सांगते, नोहमधला तरुणीचा मुखवटा जेमतेम २१ सेंमी उंच असतो, नटाची हनुवटी खाली उघडी दिसते. आणि काकूंना सांगा, ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका. सरस पाण्याने सुटतो.

हे सगळं आलं की इथल्या एका जाणकाराला दाखवते. तोवर त्या दुकानदाराला हो-नाही काही कळवू नका.

काकूंना नमस्कार, बाळूला आशीर्वाद.

तुमची,
मीनल