ओट्सचे बैल आणि शेवेची शिंगं

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लहान मुलांसाठी ओट्सच्या कुकीजची रेसिपी आली होती, त्याबद्दल लिहितेय. फोटो एकदम भारी होता, आमच्या चार वर्षाच्या पोराने तो बघितला आणि पेपर हातात घेऊन माझ्या मागे मागे, आई हे कर, आत्ता कर. पोरगं स्वतःहून काहीतरी मागतंय आणि ते दुकानातलं पाकीट नाहीये म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल, मी लगेच पदर खोचला.

मग रेसिपी वाचली. ओव्हन १८० डिग्रीला प्रीहीट करा. अनसॉल्टेड बटर. ब्राऊन शुगर. दोन चमचे मध. आणि सगळ्यात शेवटी एक पिकलेलं केळं, उपलब्ध असल्यास. साहेब मी चोपडा तालुक्यात राहते. आमच्या पडवीत बारा महिने एक तरी घड पिकत पडलेला असतो, दारावरून केळीच्या गाड्या जातात, जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय मानांकन मिळालं ते अख्ख्या जिल्ह्याला माहितेय. ओव्हन नाही आमच्याकडे, पण केळं उपलब्ध असल्यास हे वाचून घरात जे हसणं चाललं ते दोन दिवस पुरलं.

पण खरी गंमत पुढे आहे. रेसिपीत नुसतं ओट्स लिहिलेलं होतं, कोणते ते नाही. आमचे हे गावातून येताना जे दिसलं ते घेऊन आले, ते निघाले मसाला ओट्स, आणि मी पण पोराच्या घाईत पाकीट न बघता फोडून केळ्यात ओतलं. केळं, गूळ आणि वरून कांदा-लसणाचा मसाला! सासऱ्यांनी एक घास घेतला, काही बोलले नाहीत, उठून चूळ भरून आले.

तर हे छापायला पाहिजे होतं की साधे रोल्ड ओट्स घ्या, म्हणजे दाणा वाफवून रुळाखाली चपटा केलेला असतो ते जाड पोह्यासारखे. वाफवलेले असल्यामुळे ते नुसते भिजवून पण खाता येतात आणि भाजले तर पाच मिनिटात खमंग होतात. इन्स्टंटवाले अजून पातळ असतात, केळ्यात घातले की त्यांचा गिचका होतो. आणि मसाल्याच्या पाकिटात मीठ आधीच घातलेलं असतं, चार वर्षाच्या पोराला ते मीठ कशाला.

दुसऱ्या दिवशी बरोबर पाकीट आलं. सासऱ्यांनी मूठभर हातात घेऊन बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "हाई ते ढोरेस्नं खानं शे." बरोबरच आहे त्यांचं, जई म्हणजे हेच, आपल्या देशात ती जास्त करून चाऱ्यासाठीच पेरतात. मी म्हटलं बाबा, पोळा जवळ आलाच आहे, ढोरांच्या खाण्याचेच बैल करू. ते मी आपलं बोलायचं म्हणून बोलले होते, पण पोराने ऐकलं, मग काय.

आता केलं कसं ते सांगते, कारण मापं तुमच्याकडे कपात आणि ग्रॅममध्ये होती आणि आमच्या घरात वाटी असते. एक वाटी ओट्स मंद आचेवर कोरडे भाजले, वास सुटेपर्यंत. त्यातले अर्धे मिक्सरमधून जाडसर फिरवले, अर्धे तसेच. दोन लहान पिकलेली केळी, साल काळी पडलेली असतील तर फारच छान, ती जास्त गोड असतात. दोन चमचे किसलेला गूळ, पाव वाटी शेंगदाण्याचा बारीक कूट, वेलची, चिमूटभर मीठ. अंडं नाही, मैदा नाही, तरी गोळा धरतो, ओट्सला ओल लागली की एक चिकटपणा सुटतो, त्यात जे तंतू असतात ते पाण्यात विरघळून बुळबुळीत होतात त्यामुळे. पण हे पीठ लाटायला जाऊ नका, कणकेसारखं ताणलं जात नाही, भाकरीसारखं थापायचं. तवा, थोडं तूप, झाकण, एका बाजूने चार-पाच मिनिटं मग उलटवायचं, बस. लाइट गेली तरी अडत नाही आणि आमच्याकडे ती जातेच.

यात पोराचं काम काय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तेच तुमच्या रेसिपीत नव्हतं. मुलांसाठी म्हणून छापलं पण मुलाने करायचं काय तर शेवटी खायचं. आमच्याकडे केळी त्याने कुस्करली, आधी चमच्याने मग सरळ दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत केळं. ओट्स त्याने छोट्या वाटीने मोजून टाकले, एक, दोन, तीन, पाच, चार नेहमी राहून जातो. गोळे त्याने वळले. बैलाचा आकार म्हणजे एक मोठा गोळा त्याला एक छोटा गोळा चिकटवलेला, पाय नाहीत कारण बैल बसलेला आहे असं त्याने जाहीर केलं. डोळ्याला तीळ लावायचे, ते बोटाने उचलायला त्याला इतका वेळ लागला की मी तोपर्यंत अर्धी भाजी चिरली, जीभ बाहेर काढून एकेक तीळ, खाली पडला की परत. तेवढा वेळ घरात मोबाईल कोणाला आठवला नाही. गॅस, मिक्सर आणि गरम तवा माझ्याकडे, बाकी सगळं त्याचं.

केळ्याचं पीठ उघडं राहिलं तर काळपट पडतं, हे पण त्यानेच शोधलं. आई हा बैल मातीत लोळला, असं म्हणाला.

शिंगांचं मात्र चुकलं. पिठाची शिंगं तुटत होती म्हणून माझ्या डोक्यात आलं की शेव लावू, शेवभाजीची जाड शेव डब्यात होतीच. दिसायला इतकी झकास दिसली की मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. पोराने आधी शिंगंच खाल्ली आणि मग जे रडणं, आपली खान्देशी शेव ती, चार वर्षाच्या जिभेला काय झेपणार, पाणी, गूळ, परत पाणी. सासूबाई म्हणाल्या बैलाने शिंग मारलं ना रे तुला, तेव्हा हसला. दुसऱ्या खेपेला शिंगं खोबऱ्याच्या कापाची केली, पातळ कापलेली.

सासूबाईंचं म्हणणं होतं की एवढं आहे तर आपल्या दादरचंच पीठ घाल की, दादर म्हणजे आमच्या खान्देशातली ज्वारी. मग तिसऱ्यांदा अर्धे ओट्स आणि अर्धं दादरचं भाजलेलं पीठ केलं, आणि खरं सांगते, ते जास्त चांगलं लागलं. १०० ग्रॅमला तंतू ज्वारीत पण साधारण १० ग्रॅम आणि ओट्समध्ये पण तेवढेच, त्यामुळे घरात ज्वारीची कोठी भरलेली असताना ओट्सपुढे एवढं वाकायचं कारण नाही. २०२३ चं वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून झालं तेव्हा सगळ्या पेपरात ज्वारी-बाजरी होती, आणि मुलांच्या खाऊची पाळी आली की परत ब्राऊन शुगर. ओट्स वाईट नाहीत, मी आताही आणते, पाकिटाच्या नावाने पोरगं उत्साहाने येतं हे पण खरं.

उरलेल्या ओट्सचं आम्ही चित्र केलं. जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला मैद्याची खळ लावून त्यावर ओट्स चिकटवले, थोडे हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले, थोडे बिटाच्या. पिवळा बैल, गुलाबी झूल. ते अजून फ्रिजला लावलेलं आहे, रोज दोन-चार दाणे गळतात, मुंग्यांची सोय.

आता एक गंभीर गोष्ट. तुमच्या रेसिपीत मध होता आणि वर लिहिलं होतं सर्व वयाच्या मुलांसाठी. माझ्या जावेची मुलगी आठ महिन्यांची आहे, जाऊ पण हीच रेसिपी बघून तिला मऊ करून देणार होती. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यात कधी कधी अशा जिवाणूंचे बीजाणू असतात की जे बाळाच्या आतड्यात वाढून विष करतात, मोठ्यांना त्याने काही होत नाही पण बाळाचे स्नायू ढिले पडतात, आणि कुकीजमध्ये घालून भाजला तरी ते बीजाणू तेवढ्या आचेला मरत नाहीत. तसंच सजावटीला अख्खे शेंगदाणे सांगितले होते, लहान पोराच्या घशात तो दाणा अडकतो, कूटच घालायला पाहिजे. या दोन ओळी छापायला जागा लागत नाही साहेब, फोटो जरा लहान केला तरी मावतात.

म्हणून विनंती एवढीच की मुलांची रेसिपी छापाल तेव्हा माप वाटीत द्या, कोणते ओट्स ते लिहा, किती वयाच्या पुढे द्यायचं ते लिहा, ओव्हन नसेल तर तव्यावर कसं ते लिहा आणि कुठलं काम पोराच्या हातात द्यायचं ते तर नक्की लिहा. आणि जळगाव आवृत्तीत तरी केळ्यापुढचं ते उपलब्ध असल्यास काढून टाका.

आपली,
एक वाचक,
ता. चोपडा, जि. जळगाव