ताप आला की गोळी नको, आधी फोन

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर माझा आवाज चढला, म्हणून शांतपणे लिहितेय.

आई, शनिवारी रात्री बाबांना कणकण आली, तू पॅरासिटामॉल दिलीस आणि एवढ्या रात्री डॉक्टरांना कुठे उठवायचं म्हणून सकाळपर्यंत थांबलीस. आजवर घरात कुणालाही ताप आला की आपण हेच केलं, तुला दोष कसा देऊ? पण केमो चालू असताना हे चालत नाही गं.

केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, ल्युकेमियात, म्हणजे बाबांसारख्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, कधीकधी त्याहून जास्त दिवस खालीच राहतात. जंतूंशी लढतात त्या न्यूट्रोफिल पेशी. त्या 500च्या खाली गेल्या की धोका फार वाढतो, आणि बाबांच्या रिपोर्टवर 300 होत्या. जखमेत पू होतो तोसुद्धा या पेशींमुळेच. त्याच नसल्या तर पू नाही, सूजही फारशी नाही. आत काहीतरी शिरलंय हे सांगायला बऱ्याचदा एकटा ताप उरतो, आणि गोळी दिली की तोही दबतो.

म्हणून थर्मामीटरवर 100.4 दिसले की गोळी न देता लगेच वॉर्डला फोन. रात्रीचे तीन वाजले असले तरी. अशा वेळी हॉस्पिटलात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. हुडहुडी भरली आणि ताप नसला, तरीही फोन कर.

बाबा, व्हिडिओ कॉलवर तुमच्या दंडावरच्या पिक लाइनच्या, म्हणजे औषधासाठी शिरेत घातलेल्या नळीच्या, पट्टीचं एक टोक सुटलेलं दिसलं. ते बोटाने दाबून बसवू नका, नर्सकडून बदलून घ्या. कुंड्यांची मातीही सध्या उकरायची नाही, तिच्यात बुरशीचे कण असतात. झाडांवर तुमचा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे, पाणी आई घालेल.

बरेचसे जंतू बाहेरून येतच नाहीत, आपल्याच तोंडात, आतड्यात, त्वचेवर असतात. त्यामुळे ब्रश मऊच हवा, आणि चुळा सांगितल्या तेवढ्या भरायच्या. हात साबणाने 20 सेकंद, अंगठा आणि नखांच्या कडा धरून. आई, हे तुलाही.

भेटायला येणाऱ्यांना तुम्हाला नाही म्हणवत नाही. माझं नाव सांगा, वाईटपणा मी घेते.

फ्लूची लस मी घेतली आहे. रविवारी येतेय, पण घशात जराही खवखव वाटली तर येणार नाही. थर्मामीटर उशाशी ठेव, वॉर्डचा नंबर त्याच्याच डबीवर चिकटव.

तुमची,
ताई